कॅल्क्युलसच्या आधीचा वर्ग कोणाचा?

एक छोटं गणित घ्या: (क्ष³ − ८) ÷ (क्ष − २). क्षची किंमत २ च्या जवळ जवळ नेली, तर उत्तर कशाच्या जवळ जातं? थेट २ घातलेत तर वर शून्य आणि खालीही शून्य, गाडी तिथेच थांबते. पण वरच्या पदाचे अवयव पाडले, (क्ष − २)(क्ष² + २क्ष + ४), की क्ष − २ जातो आणि उरतं ४ + ४ + ४. उत्तर १२.

यात कॅल्क्युलस किती आहे? 'जवळ जवळ नेली' एवढ्यापुरतंच. बाकी सगळी शाळेतली घनांच्या वजाबाकीची हातोटी. एफ.वाय.ला गणित शिकवणाऱ्या कोणालाही विचारून बघा. मुलं लिमिटच्या कल्पनेला फारशी अडत नाहीत, अवयवांना अडतात, त्रिकोणमितीच्या सूत्रांना अडतात, आलेख काढायला सांगितला की अडतात.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत या पूर्वतयारीला स्वतंत्र नाव आहे, प्रीकॅल्क्युलस. त्याचा वर्ग असतो, क्रेडिट असतात, परीक्षा असते. आपल्या वेळापत्रकात हे नाव सहसा दिसत नाही. पण वर्ग आपल्याकडेही आहे. गेल्या दोनशे वर्षांत तो वेगवेगळ्या संस्थांच्या ताब्यात गेला, आणि प्रत्येक वेळी एक प्रश्न नव्याने उभा राहिला: विद्यार्थ्याला मागचं येत नसेल, तर ते शिकवायचं कोणी? संशोधनाची तयारी करणाऱ्या तुम्हांला हा इतिहास सांगायचा, तो या प्रश्नासाठी.

आधी मराठीत

मुंबईतली ही गोष्ट इंग्रजीत सुरू होत नाही. १८२० च्या दशकात जॉर्ज जर्व्हिस हे लष्करी इंजिनियर मुंबईत सर्वेक्षणाची आणि बांधकामाची माणसं तयार करत होते. जमीन मोजायची तर अंकगणित, भूमिती, त्रिकोणमिती हवी. ती शिकवायला पुस्तकं नव्हती, म्हणून जर्व्हिसनी इथल्या शास्त्री मंडळींच्या मदतीने इंग्रजी गणितग्रंथ मराठीत आणले. म्हणजे ज्याला आज आपण प्रीकॅल्क्युलस म्हणू, तो अभ्यास मुंबईत विद्यापीठ निघायच्या तीस वर्षं आधी मराठीत शिकवला जात होता, आणि तोही नोकरीच्या कामाचा म्हणून.

पुढचं नाव बाळशास्त्री जांभेकरांचं. 'दर्पण'कार म्हणून ते आपल्याला शाळेपासून माहीत असतात. ते एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत, हे तितकंसं माहीत नसतं. १८४६ साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. तेवढ्या आयुष्यात त्यांनी कॅल्क्युलसवर मराठी पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'शून्यलब्धिगणित'. हा शब्द सावकाश वाचा. लब्धी म्हणजे भागाकार करून हाती येतं ते. वर शून्य, खाली शून्य, तरीही त्यातून हाती येणारी लब्धी! मी तरी तो शब्द असाच वाचतो. आपण सुरुवातीला सोडवलेलं गणित त्या एका शब्दात बसतं. पुढे मराठी विश्वकोशात याच विषयाची नोंद 'अवकलन व समाकलन' या नावाने आली. तो शब्द अचूक आहे, पण ऐकून काही उलगडत नाही.

मग भाषेचा वाद पेटला. १८४० साली मुंबईत बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झालं. वरच्या शिक्षणाचं माध्यम इंग्रजी की देशी भाषा, यावर बोर्डात दोन तट पडले. इंग्रजीच्या बाजूने अध्यक्ष अर्स्किन पेरी. देशी भाषांच्या बाजूने जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि त्यांच्याबरोबर तेच जर्व्हिस. ज्या माणसाने प्रत्यक्ष मराठीतून भूमिती शिकवून पाहिली होती, तो या बाजूला होता, ही बाब मला महत्त्वाची वाटते. इतरांचा वाद भाषेच्या योग्यतेवर होता. जर्व्हिसच्या गाठीशी पुस्तकं होती, आणि त्यांतून शिकून कामाला लागलेले विद्यार्थी होते.

व्यवहारात वरच्या वर्गांत इंग्रजीच टिकली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने घडी पक्की केली: खाली देशी भाषा, वर इंग्रजी. दादाभाई नौरोजी १८५५ मध्ये एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि भौतिकीचे पहिले भारतीय प्राध्यापक झाले, ते याच घडीत. १८५७ ला मुंबई विद्यापीठ आलं आणि दोन वर्षांनी मॅट्रिकची परीक्षा. आता बीजगणित आणि भूमिती हे सर्वेक्षकाचं हत्यार न राहता दाराची चाळणी झाले. चाळणीतून जो खाली पडला, त्याला पुन्हा शिकवायची जबाबदारी विद्यापीठाची नव्हती.

इंटर सायन्सची दोन वर्षं

तुमच्या घरात कोणी सत्तरीच्या पुढचं असेल तर त्यांना 'इंटर सायन्स' हा शब्द उच्चारून दाखवा. लगेच ए ग्रुप, बी ग्रुप सुरू होईल. शाळा अकरा वर्षांची, एस.एस.सी. अकरावीला. त्यानंतर कॉलेजात फर्स्ट इयर आणि इंटर, आणि तिथून इंजिनियरिंगला, मेडिकलला किंवा बी.एस्सी.च्या पुढच्या दोन वर्षांना.

म्हणजे शाळेचं बीजगणित आणि कॅल्क्युलस यांच्यातला पूल त्या काळात विद्यापीठाच्या आवारात होता. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, परीक्षा विद्यापीठाची. शिकवणारा प्राध्यापकही तोच, जो पुढे बी.एस्सी.ला शिकवणार. इंटरचा पाया कच्चा राहिला तर दोन वर्षांनी त्याच स्टाफरूममध्ये त्याची तक्रार येणार.

उपनगरांतली कॉलेजं याच काळात उभी राहिली. अंधेरीचं भवन्स १९४६ चं, पार्ल्याचं पार्ले कॉलेज, म्हणजे आजचं साठ्ये, १९५९ चं. तोवर विज्ञान शिकायचं तर सकाळची गाडी पकडून दादर, माटुंगा किंवा थेट फोर्टकडे जावं लागे. आता तो वर्ग घराजवळ आला.

पवईत १९५८ ला आय.आय.टी. आली, तीही याच हिशेबाने. तेव्हा बी.टेक. पाच वर्षांचं होतं, आणि त्यातल्या पहिल्या वर्षाला पायाभूत विज्ञान आणि गणित पक्कं करून घ्यायला अवकाश होता.

एक वर्ष इकडून तिकडे

कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात १०+२+३ ची शिफारस केली. महाराष्ट्रात नव्या पद्धतीची दहावीची पहिली तुकडी १९७५ ला बसली. अकरावी-बारावी आता राज्य मंडळाच्या ताब्यात गेली. जागा बहुतेक ठिकाणी तीच राहिली, त्याच कॉलेजच्या इमारतीत 'ज्युनियर कॉलेज'. पण अभ्यासक्रम ठरवणारे वेगळे, शिक्षक वेगळे, पगाराची व्यवस्था वेगळी, परीक्षा वेगळी. जिन्याच्या एका मजल्यावर ज्युनियर, दुसऱ्यावर सीनियर, आणि दोन्हींच्या मध्ये फक्त मार्कशीट.

पवईतही तेच झालं. १०+२ सगळीकडे रुजल्यावर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बी.टेक. चार वर्षांचं झालं. पूर्वतयारीचं वर्ष संस्थेच्या हिशेबातून गेलं. अर्थात गरज गेली नाही. ती प्रवेशपरीक्षेच्या अलीकडे सरकली, म्हणजे ज्याला क्लास परवडतो त्याच्याकडे.

एका ठिकाणी मात्र आय.आय.टी.ने तो वर्ग स्वतःकडे ठेवला. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांच्या जागा रिकाम्या राहिल्या, तर थोड्या कमी गुणांच्या उमेदवारांना एक वर्षाचा प्रिपरेटरी कोर्स देतात: गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इंग्रजी. तो पास झाला की पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेशपरीक्षा न देता बी.टेक.ला जागा. या कोर्सबद्दल लोक कुजबुजत्या सुरात बोलतात, जणू ती सवलत आहे. पण इतिहास पाहिलात तर एके काळी पाच वर्षांच्या बी.टेक.मध्ये सगळ्यांनाच असं पायाचं वर्ष मिळत होतं, तेव्हा त्याला कोणी सवलत म्हणत नव्हतं.

अकरावीचं पुस्तक

आता आजच्या वर्गाकडे या. अकरावी विज्ञानाचं २०१९ पासूनचं गणिताचं पुस्तक उघडा. पहिला भाग कोनाच्या मापनापासून सुरू होतो, मग त्रिकोणमिती, निश्चयक, सरळ रेषा, वर्तुळ, शांकव. दुसऱ्या भागात संमिश्र संख्या, श्रेढी, द्विपद प्रमेय, फल, सीमा, सातत्य, आणि शेवटी विकलन. क्रम नीट लावलेला आहे. जगातल्या कुठल्याही प्रीकॅल्क्युलसच्या शेजारी ठेवता येईल असं हे पुस्तक.

पण धोरण वेगळंच सांगतं. अकरावीला मंडळाची परीक्षा नाही, कॉलेज स्वतःच घेतं. एम.एच.टी.-सी.ई.टी.त गणिताचे ५० प्रश्न, त्यातले १० अकरावीवर आणि ४० बारावीवर. विद्यार्थी हिशेबी असतो, क्लासवाले त्याहून हिशेबी. बऱ्याच ठिकाणी अकरावीच्या दिवाळीनंतर बारावीच सुरू होते. पुस्तकात जो पूल आहे, त्यावरून जायची गरज परीक्षेने ठेवलेली नाही.

त्यात भाषेची पायरी. मी मुलुंडला मराठी माध्यमातून दहावी केली. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर 'सर्ड' हा शब्द आला आणि मी चार दिवस काहीतरी नवीन प्रकरण समजून घाबरून बसलो. ती नववीतली करणी होती. घातांक, बहुपदी, लघुगणक, सगळे ओळखीचे लोक नवे कपडे घालून आले होते. वर्गातल्या दोघांनी दिवाळीच्या आत कॉमर्स घेतलं. त्यांना गणित येत नव्हतं असं मी आजही म्हणणार नाही. त्यांना करणी येत होती. करणी म्हणजेच सर्ड, एवढं सांगण्याचं काम कोणाच्याच तासात बसत नव्हतं. खाली देशी भाषा, वर इंग्रजी ही घडी १८५४ ची, आणि तिचा सांधा अजून अकरावीच्या बाकावर येतो.

मार्च २०२१ मध्ये ए.आय.सी.टी.ई.ने इंजिनियरिंगच्या प्रवेशाचे विषय सैल केले. बारावीला गणित नसलेल्यांनाही काही वाट उघडली, आणि गणित-भौतिकशास्त्राचे ब्रिज कोर्स विद्यापीठांनी द्यावेत असं म्हटलं. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, 'गणिताशिवाय इंजिनियर!' म्हणून. पुढे नियमांत फेरफार होत राहिले. गदारोळात एक गोष्ट निसटली. १९७५ ला विद्यापीठाकडून काढून घेतलेला वर्ग, कागदावर का होईना, पुन्हा विद्यापीठाच्या दारात आणून ठेवला होता.

तुम्ही यातून काय घ्याल?

शिक्षणाच्या इतिहासावर काम करायचं असेल तर तीन कागद वेगळे ठेवायला शिका. अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि नियम. अभ्यासक्रमातून संस्थेची इच्छा कळते. प्रश्नपत्रिकेतून विद्यार्थ्याने प्रत्यक्षात काय केलं याचा अंदाज येतो. आणि नियमांतून, म्हणजे पात्रता, हजेरी, पुनर्परीक्षा, गुणांचा भार यांतून कळतं की चूक झाली तर भरपाई कोण करणार. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरांत हे तिन्ही बऱ्याचदा एकाच जिल्दीत सापडतं. आपण बहुतेक वेळा पहिला कागद वाचून प्रबंध लिहितो. मीही सुरुवातीला तेच केलं होतं, आणि शंभर वर्षांत त्रिकोणमितीची प्रकरणं फारशी बदलली नाहीत, एवढाच 'निष्कर्ष' हाती आला होता. मार्गदर्शकांनी विचारलं, "मग बदललं काय?" त्याचं उत्तर तिसऱ्या कागदात होतं.

दुसरं, हे सगळं तुमच्याही वाट्याला येणार आहे. पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की कोर्सवर्क लागतं. यू.जी.सी.च्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान १२ क्रेडिट, आणि पुढे जायचं तर ५५ टक्के. बरेच जण ते उरकून टाकतात. पण कोर्सवर्क हा तुमचा कॅल्क्युलसच्या आधीचा वर्ग आहे. संख्याशास्त्र कच्चं असेल, जुनी मोडी वाचता येत नसेल, इंग्रजी लेख वाचताना दम लागत असेल, तर ते मान्य करून भरून काढायची हीच एक जागा नियमाने दिलेली आहे. पुढे सहा वर्षांत कोणी विचारणार नाही, आणि सातव्या वर्षी परीक्षक विचारेल.

एक काम देतो. तुमच्या विषयात विद्यार्थी सगळ्यात जास्त जिथे अडतो, ती पायरी शोधा. मग ती पायरी शिकवायची जबाबदारी आज कोणावर आहे, हे नियमात बोट ठेवून दाखवा. बोट ठेवायला जागा सापडली नाही, तर बहुधा तुमचा संशोधनाचा प्रश्न सापडला आहे.