उलट्या वाटेने गेलेला कारागीर

परदेशातली नोकरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आखातात जाणारा फिटर किंवा वेल्डर येतो. जिथे पगार जास्त, तिकडे माणूस जातो. आज आपण उलट्या वाटेने गेलेल्या माणसांकडे पाहू. श्रीमंत अमेरिकेतून हे कारागीर गरीब सोव्हिएत रशियात काम शोधायला गेले. का गेले, आणि पुढे त्यांचं काय झालं?

१९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. १९३३ पर्यंत अमेरिकेत दर चार कामगारांमागे जवळजवळ एक बेकार होता. रशियात मात्र त्याच वेळी पहिली पंचवार्षिक योजना धडाक्यात चालू होती. स्टालिनग्राडचा ट्रॅक्टर कारखाना अमेरिकन वास्तुविशारद अल्बर्ट कान यांच्या संस्थेने आखला होता, मोटारींसाठी फोर्डशी करार झाला होता. यंत्रं डॉलर मोजून आणता येतात. ती चालवणारे हात कुठून आणायचे? लेथवर उभी राहणारी पोरं कालपर्यंत शेतावर होती. म्हणून 'आमटोर्ग' या न्यूयॉर्कमधल्या सोव्हिएत व्यापारसंस्थेने कसबी माणसं शोधायला सुरुवात केली. १९३१ मध्ये सुमारे ६,००० जागांसाठी एक लाखावर अर्ज आले!

त्यांच्याही आधी, १९३० मध्ये गेलेला एक तरुण म्हणजे रॉबर्ट रॉबिन्सन. जन्म जमैकाचा, वाढला क्यूबात आणि डेट्रॉइटला फोर्डच्या कारखान्यात टूलमेकर झाला. वर्णाने काळा. फोर्डमध्ये त्याला महिना १४० डॉलर मिळत. रशियाने २५० देऊ केले. शिवाय राहायला फुकट जागा, जाण्यायेण्याचं भाडं, आणि पगारातले १५० डॉलर दरमहा अमेरिकेतल्या बँकेत जमा. करार एका वर्षाचा.

आता इथे जरा थांबू या. देश कमी पगाराचा, पण या माणसाला पगार जास्त. हे कसं? तर त्याच्याकडे जे कसब होतं, ते तिथे दुर्मीळ होतं. आणि त्याच्या पगाराचा मोठा भाग डॉलरमध्ये अमेरिकेत जमा होत होता, हे महत्त्वाचं. त्या काळात रशियात रुबल असूनही दुकानात माल नसे. पाव रेशनवर. किती मिळवता यापेक्षा कोणत्या दुकानात शिरता येतं, याला किंमत होती. परदेशी कामगारांसाठी 'इन्स्नाब' नावाची वेगळी दुकानं होती. तिथे लोणी, मांस मिळे. शेजारच्या यंत्रावरचा रशियन कामगार तिथे जाऊ शकत नसे. म्हणजे समतेचं राज्य पाहायला आलेला कामगार विशेष वर्गाच्या ताटात जेवत होता. हा विरोधाभास आम्हाला फार बोलका वाटतो.

स्टालिनग्राडला रॉबिन्सनला दोन गोऱ्या अमेरिकन सहकाऱ्यांनी मारहाण केली. सोव्हिएत सरकारने खटला चालवला आणि त्या दोघांना देशाबाहेर काढलं. डेट्रॉइटमध्ये असा न्याय मिळाला असता का? रॉबिन्सन राहिला. मॉस्कोच्या बॉलबेअरिंग कारखान्यात काम केलं, १९३४ मध्ये मॉस्को सोव्हिएतवर निवडूनही आला. पुढे त्याने सोव्हिएत नागरिकत्व घेतलं.

इथे गोष्ट फिरते. परदेशी कारागिराचं मुख्य काम काय? तर स्थानिक पोरांना शिकवणं. पोरं शिकली की त्याची गरज संपली. डॉलर बंद झाले, वेगळी दुकानं बंद झाली. जॉन स्कॉट हा अमेरिकन तरुण मुद्दाम वेल्डिंग शिकून १९३२ मध्ये मॅग्निटोगोर्स्कला गेला होता. १९३७-३८च्या धरपकडीत परदेशी माणूस म्हणजे संशयित, अशी स्थिती झाली. त्यालाही कारखान्याचं दार बंद झालं. पण त्याने अमेरिकन नागरिकत्व सोडलं नव्हतं. तो परत गेला आणि १९४२ मध्ये त्याने आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहिलं.

रॉबिन्सनकडे तो कागद राहिला नव्हता. ओळखीची माणसं एकेक करून नाहीशी होताना तो पाहत राहिला. बाहेर जायची परवानगी वारंवार मागितली, वारंवार नकार. अखेर १९७४ मध्ये युगांडाला भेट देण्याच्या निमित्ताने तो निघाला. एका वर्षासाठी गेलेला माणूस चव्वेचाळीस वर्षांनी बाहेर पडला. अमेरिकन नागरिकत्व परत मिळायला १९८६ उजाडलं.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. आम्हाला यात हक्काचा प्रश्न दिसतो. कसब माणसाच्या हातात असतं, ते कुठेही नेता येतं. पण त्या कसबाला मिळणारा मान, दुकान, संरक्षण हे सगळं करारातून येतं, आणि करार दुसऱ्याच्या गरजेवर उभा असतो. गरज संपली की काय उरतं? नागरिकत्व. रॉबिन्सनला मायदेशात पूर्ण माणूस म्हणून वागवलं गेलं नाही, म्हणून त्याला तो कागद हलका वाटला असेल. त्याला मूर्ख म्हणायची घाई आपण करू नये. आधी त्याच्या मायदेशाला विचारावं, की इतका चांगला कारागीर एवढ्या दूर का गेला?

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.