घट्ट क्लच आणि खारा वारा

फरिदाबादला १९५९ साली आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला. १९६३मध्ये महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर कंपनी काढली. पंजाब-हरियाणाच्या मोकळ्या शेतांत ही यंत्रे रुळली. मालवण किनाऱ्यावरच्या कुणग्यांत मात्र त्यांची गाठ चिखलाशी आणि खाऱ्या वाऱ्याशी पडली.

एका आषाढात आमच्या जुन्या ट्रॅक्टरचे क्लचचे पेडल दाबता दाबेना. तरवा लावणीला आलेला. मेस्त्री म्हणाले, "ट्रॅक्टर मधोमध खोलावा लागेल." म्हणजे आठवडा गेला! वडिलांनी इंजिन बंद करून चाकांना दगड लावले आणि पेडलपासून क्लचकडे जाणारी दांडी सोडवली. पेडल तरीही घट्टच! म्हणजे दोष बाहेर होता. ते मोकळे हलले असते, तर आतले बेअरिंग किंवा प्रेशर प्लेट पाहावी लागली असती. पेडलचा शाफ्ट गंजला होता, ग्रीसचे निपल चिखलाने बुजले होते. गंज घासला, रॉकेलने धुतले, ग्रीस भरले. दांडी जोडून पेडलची मोकळी चाल पुस्तिकेप्रमाणे लावली. संध्याकाळी चिखलणी सुरू झाली.

कारखान्यांची साले इतिहासात नोंदली जातात. जुने ट्रॅक्टर किनाऱ्यावर टिकले, ते मात्र अशा हातांमुळे. मृगाआधी ग्रीसगन फिरवायला विसरू नका.