पक्षांतर्गत निवडणूक आणि खुला मतभेद : वर्धा, १९३९

प्रस्तावना
राजकीय पक्षातील मतभेद चव्हाट्यावर येणे हे सर्वसाधारणपणे दुर्बलतेचे लक्षण मानले जाते. पक्षाध्यक्षाची निवड एकमताने झाली, असे अभिमानाने सांगितले जाते. परंतु पक्षाची हानी मतभेद उघडपणे मांडल्यामुळे होते, की मतदानानंतर त्या मतभेदाला पक्षात जागा न उरल्यामुळे होते? १९३९ ची काँग्रेस अध्यक्षपदाची निवडणूक आणि त्यानंतर वर्धा येथे झालेल्या कार्यकारिणीच्या दोन बैठका या प्रश्नाच्या अभ्यासासाठी महत्त्वाच्या ठरतात.

निवडणुकीतील वाद
मौलाना आझाद यांनी माघार घेतल्यानंतर सुभाषचंद्र बोस व पट्टाभी सीतारामय्या यांच्यात सरळ लढत झाली. अध्यक्षपदाची निवडणूक निश्चित प्रश्न व कार्यक्रम यांच्या आधारे लढविली जावी, असे बोस यांनी जाहीर निवेदनात म्हटले. १९३५ च्या कायद्यातील संघराज्य योजनेस होणारा विरोध हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. याउलट कार्यकारिणीच्या सात सदस्यांनी अध्यक्षाची निवड एकमताने व्हावी व धोरण ठरविण्याचे काम काँग्रेसच्या समित्यांचे आहे, अशी भूमिका घेतली. सरदार पटेल व राजेंद्र प्रसाद यांच्यासह वर्ध्याचे जमनालाल बजाज, महाराष्ट्रातील शंकरराव देव आणि आचार्य कृपलानी यांच्याही या निवेदनावर सह्या होत्या.

दोन्ही भूमिकांना तात्त्विक आधार होता. काही नेते संघराज्याच्या प्रश्नावर तडजोड करतील, हा बोस यांचा संशय सहकाऱ्यांना जिव्हारी लागला, हेही खरे. तरीही प्रतिनिधींना आपण केवळ व्यक्तीची नव्हे, तर धोरणाचीही निवड करीत आहोत, याची जाणीव या वादानेच करून दिली. २९ जानेवारी १९३९ रोजी बोस १५८० विरुद्ध १३७७ मतांनी विजयी झाले. पट्टाभींचा पराभव हा आपलाच पराभव असल्याचे गांधीजींनी जाहीर केले. मात्र अल्पमतवाल्यांनी अडथळा आणू नये, सहकार्य शक्य नसल्यास बाजूला राहावे, असेही त्यांनी सांगितले.

वर्ध्याच्या दोन बैठका
२२ फेब्रुवारी १९३९ रोजी कार्यकारिणीची बैठक वर्ध्यात भरली. आजारी असलेल्या बोस यांनी ती पुढे ढकलण्याची विनंती केली होती. याच वेळी बारा सदस्यांनी राजीनामे दिले. परस्परविरोधी गटांच्या तडजोडीवर कारभार चालू नये, अध्यक्षाने आपल्या मताची कार्यकारिणी नेमावी, हे त्यांचे कारण वरकरणी बहुमताचा आदर करणारे होते. परंतु मार्चमधील त्रिपुरी अधिवेशनात गोविंद वल्लभ पंत यांच्या ठरावाने कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमण्याचे बंधन अध्यक्षावर आले. हा ठरावही रीतसर संमत झालेला होता. निवडलेला अध्यक्ष एक आणि धोरणाचा अधिकार दुसरीकडे, अशी कोंडी त्यातून निर्माण झाली. २९ एप्रिल रोजी बोस यांनी राजीनामा दिला.

पुढे अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या ठरावांविरुद्ध बोस यांनी ९ जुलै रोजी निषेध दिन पाळला. ऑगस्टमध्ये वर्धा येथेच कार्यकारिणीने त्यांना तीन वर्षे निर्वाचित काँग्रेस समित्यांच्या सदस्यत्वास अपात्र ठरविले. निर्णयानंतर शिस्त आवश्यक असते, ही कार्यकारिणीची भूमिका निराधार नव्हती. तथापि, ज्या बाजूने मतदानाचा कौल पूर्णपणे स्वीकारला नव्हता, तिनेच शिस्तीचा आग्रह धरल्याने त्या आग्रहाचे नैतिक बळ कमी झाले.

समारोप
१९५० मध्ये अध्यक्षपदासाठी पुरुषोत्तमदास टंडन, कृपलानी व शंकरराव देव यांच्यात तिरंगी लढत झाली. त्यांना अनुक्रमे १३०६, १०९२ व २०२ मते मिळाली. १९३९ मध्ये एकमताचा आग्रह धरणाऱ्या सात जणांपैकी दोघे आता स्वतःच उमेदवार होते. विजयी टंडन यांना मात्र नेहरूंशी झालेल्या मतभेदांमुळे १९५१ मध्ये पद सोडावे लागले.

दोन्ही प्रसंगी पेच निर्माण झाला तो मतदानापूर्वीच्या वादातून नव्हे, तर कौल लागल्यानंतर विजयी व पराभूत या दोघांचेही स्थान निश्चित नसल्यामुळे. खुल्या मतभेदाचे मूल्य मतपेटीपाशी संपत नाही. पराभूताला बोलण्याचा आणि विजयी उमेदवाराला काम करण्याचा अवकाश मिळाला, तरच पक्षांतर्गत निवडणुकीला अर्थ उरतो.