न उघडलेली पत्रे

टपालखात्याला फसविणाऱ्यांची कोणी गणती केली असती, तर तीत चोर-भामट्यांपेक्षा सभ्य आणि कुटुंबवत्सल माणसांचाच भरणा अधिक निघाला असता. याचे कारण जुन्या टपालाच्या रीतीतच होते. १८४० पूर्वी इंग्लंडात पत्राचे हशील पाठविणाराने नव्हे, तर बहुधा घेणाराने द्यावयाचे असे. पैसे मोजल्यावाचून पत्र हाती पडत नसे. मात्र नको असल्यास ते परत करण्याची मोकळीक असे. सारी गोम या मोकळिकीतच होती. घडी घालून लाखेने बंद केलेला तो कागद क्षणभर हाती घ्यावा, उलटसुलट करून पाहावा, आणि एक सुस्कारा सोडून 'एवढे पैसे कोठून आणू?' असे म्हणत परत करावा. टपालवाल्याला बिचारीची कीव यावी. वस्तुतः निरोप केव्हाच पोहोचलेला असे!

कवी कोलरिज याची या संबंधातील हकीकत प्रसिद्ध आहे. उत्तर इंग्लंडातील सरोवरांच्या प्रदेशात तो एकदा फिरत असता एक स्त्री आलेले पत्र परत करताना त्याला दिसली. हशील एक शिलिंग होते. कवीचे मन द्रवले. ती नको नको म्हणत असताही त्याने आपल्या खिशातून पैसे दिले. टपालवाला दृष्टीआड होताच तिने पत्र उघडून दाखविले. आत कोरा कागद! भावाशी तिचा संकेत ठरलेला होता: जोवर सारे क्षेम आहे, तोवर त्याने दर तिमाहीस असा एक कोरा कागद धाडावा. कवीचा शिलिंग मात्र अस्थानी खर्च झाला.

ही गोष्ट रोलंड हिल याने टपालसुधारणेच्या वादात पुराव्यादाखल वापरली. पुढे लोकांनी कोलरिजला वगळून खुद्द हिललाच तिचा नायक केले, आणि ती चूक दुरुस्त करण्याचे काम हिलला स्वतःलाच करावे लागले. तथापि त्याला नायक करण्यात लोकांचे फारसे चुकले होते असे नाही, कारण त्याची स्वतःची करणी याहूनही नामी होती. १८२३ साली प्रकृती ढासळली म्हणून तो स्कॉटलंडकडे प्रवासास निघाला. बरोबर त्याने जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेतला. वर्तमानपत्रे टपालाने फुकट जात. त्यांवर पार्लमेंटच्या एखाद्या सभासदाचे नाव तेवढे लिहावे लागे, आणि ते कोणी लिहिले याची चौकशी कोणी करीत नसे. हिलने घरच्यांशी आधीच ठरवून ठेवले होते. टपालाच्या शिक्क्यावरून मुक्कामाचा गाव आणि तारीख कळावी. वर उदारमतवादी सभासदाचे नाव असेल तर प्रकृतीस आराम आहे, टोरी पक्षाचे असेल तर दुखणे उलटले आहे, असे समजावे. सर फ्रान्सिस बर्डेट म्हणजे उत्तम आरोग्य. लॉर्ड एल्डन हे नाव दिसते, तर घरचा एखादा भाऊ घाईघाईने गाडी जोडून निघालाच असता! आजारपणातही त्याचे राजकारण सुटले नव्हते.

या माणसाला फसवणुकीची हौस होती असे म्हणता येणार नाही. टपालवाला पत्र घेऊन येईल आणि घरात पैसे नसतील, या धास्तीत त्याची आई दिवस काढीत असे, आणि हे त्याने लहानपणी पाहिले होते. ज्या पत्राची वाट पाहावयाची, त्याचीच भीती बाळगावयाची, असा तो संसार होता. लंडनहून एडिंबरोला जाणाऱ्या साध्या एकपानी पत्राला एक शिलिंग दीड पेनी पडत. दुसरा कागद जोडला की दुप्पट. हिलने हिशेब मांडला, तेव्हा ते पत्र तेथवर वाहून नेण्याचा खरा खर्च एका पेनीच्या छत्तिसाव्या हिश्शाइतकाच निघाला. उरलेला सारा सरकारचा कर आणि हिशेब ठेवण्याचा व्याप. साहजिकच चोरट्या वाटांना ऊत आला होता. मँचेस्टर व लंडन यांमधील पत्रांपैकी सहावा हिस्साही टपालाने जात नसावा, असे कॉब्डेनचे मत होते. खोट्या सहीने पत्र फुकट पाठविणारास सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा होती. तरीही सह्यांचा बाजार थांबला नव्हता.

जे काम कायद्याला साधले नाही, ते एका पेनीने केले. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाच्या पत्रास देशभर एकच दर झाला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात चिकटविण्याचे तिकीट आले. पैसे आधी भरल्यावर पत्र परत करण्यात कोणाला काय लाभ? १८३९ साली सुमारे साडेसात कोटी पत्रे गेली होती. १८४० मध्ये ती जवळजवळ सतरा कोटी झाली. नाही म्हणावयास, तिकिटाबरोबर तिकीट धुण्याची विद्याही जन्मास आली. पहिल्या काळ्या तिकिटावरील तांबडी शाई पुसता येते हे लोकांनी लवकरच हेरले. म्हणून १८४१ साली तिकीट तांबडे झाले आणि शिक्क्याची शाई काळी.

हिंदुस्थानात १८३७ च्या कायद्याने टपाल सर्वांना खुले झाले खरे, पण कलकत्त्याहून मुंबईस तोळाभर पत्राला एक रुपया पडे. १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतराचा हिशेब सुटला: पाव तोळ्याला अर्धा आणा, मग गाव शेजारचे असो की पेशावर. तिकीट न लावल्यास घेणाराकडून दुप्पट. म्हणजे जुनी फट थोडी उघडीच राहिली. आमच्याकडे 'नॉटपेड' म्हणून ओळखले जाणारे पत्र ते हेच. पैसे वसूल करावयाचे असल्याने असले पत्र टपालवाला हमखास पोहोचवितो, अशीही एक समजूत होती. नाकारलेल्या पत्राचे हशील पाठविणाराकडून घ्यावे, असे १८९८ च्या कायद्यात मुद्दाम घालावे लागले. पण ज्याच्या पत्रावर नावगावच नाही, त्याला शोधावे कसे?

त्याआधीच, १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याचे कार्ड निघाले होते. पाव आणा म्हणजे एक पैसा. बडोद्यास नोकरीला राहिलेला मुलगा किंवा इंदुरास दिलेली लेक खुशाल आहे, हे कोकणातल्या म्हातारीला एका पैशात कळू लागले; मग कोऱ्या कागदाचा संकेत कोण करणार? अर्थात टपालाची सोय सर्वत्र सारखी नव्हती. १८८५ पासून ग्वाल्हेरचे नाव छापलेले तिकीट लावून पत्र थेट पुण्यास जाई. होळकरांच्या किंवा निजामाच्या तिकिटाला मात्र हद्दीपलीकडे किंमत नसे. गोव्यात पोर्तुगीज राज्याची स्वतंत्र तिकिटे १८७१ पासून १९६१ पर्यंत चालली.

कार्ड उघडे असते, पण त्यावरही न वाचता कळणारी भाषा टिकून राहिली. कोपरा फाटलेले कार्ड दारात येताच घरातल्या बायकांना काय ते समजे. कुंकवाचे बोट लागलेल्या पाकिटाने मजकुराआधीच आनंद आणावा. यात सरकारचा एक पैसाही बुडत नव्हता. निरक्षर घरात ही खूण म्हणजेच अर्धे पत्र होते, एवढेच.

तारांच्या जगात जुनी युक्ती पुन्हा अवतरली. अमेरिकेत दूरच्या फोनवर विशिष्ट माणसालाच बोलावण्याची सोय होती, आणि तो नसल्यास आकार पडत नसे. तेव्हा जगात नसलेल्या माणसाचे नाव सांगावे. ते नाव हाच निरोप! आपल्या देशात १९९५ साली मोबाईल आला, तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. घेणाराने पैसे देण्याची १८४० पूर्वीची रीतच जणू परत आली. १ मे २००३ पासून ते बंद झाले आणि 'मिस्ड कॉल'चे राज्य सुरू झाले. एक घंटी म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे तूच फोन कर, असे संकेत घरोघरी निराळे ठरत. पोलिसांनी ते थांबविले नाहीत, कंपन्यांनीही नाही. २०१६ नंतर महिन्याच्या ठोक रकमेत हवे तितके बोलता येऊ लागले आणि घंटी मोजण्याचे कारणच उरले नाही.

त्याआधीच बँकांनी ही युक्ती स्वतःकडे घेतली होती. शिल्लक जाणून घेण्यासाठी अमुक क्रमांकावर मिस्ड कॉल द्यावा, असे त्यांनी ग्राहकांना स्वतःच कळविले. घंटी एक-दोनदा वाजते, फोन पलीकडूनच तोडला जातो, आणि क्षणात आकडा येतो. न उचललेल्या फोनचा खर्च आता बँक सोसते.