पर्जन्यछायेतील पहिले शेतकरी

युरोपातील आदिमानवाच्या जीवनाचा विचार करू लागलो की हिमयुगाचा उल्लेख प्रथम येतो. बर्फाचे थर दक्षिणेकडे सरकले की माणसेही उबदार दऱ्यांच्या आश्रयाला जात आणि बर्फ ओसरला की पुन्हा उत्तरेची वाट धरीत. आपल्या दख्खनच्या पठारावर बर्फाचे संकट आले नाही. येथे माणसाचे भवितव्य पावसाच्या हाती राहिले. बीड जिल्ह्याच्या आजच्या जीवनाचा अर्थ लावण्यासाठी हा प्राचीन इतिहास उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

अरबी समुद्रावरून येणारे मेघ सह्याद्रीवर रिते होतात आणि घाटमाथ्याच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. बीड जिल्हा याच छायेत वसला आहे. त्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, मधून बालाघाटची रांग गेली आहे आणि पाटोदा तालुक्यात मांजरा उगम पावते. गोदाकाठच्या गंगथडीत काळी, खोल जमीन आहे, तर डोंगरपठारावरची जमीन हलकी व मुरमाड आहे. खाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा कातळ असून त्याच्या भेगांत मुरेल तेवढेच पाणी विहिरींना मिळते.

या नद्यांची खोरी अतिप्राचीन काळापासून माणसाला परिचित होती. गोदावरी व मांजरा यांच्या जुन्या गाळात हत्ती, रानबैल आदी प्राण्यांचे अश्मीभूत अवशेष सापडले आहेत. प्रवरेच्या काठी नेवासे परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली. शिकार आणि पाणी जेथे एकत्र मिळे, तेथे तो वावरत असे.

स्थिर शेती पुष्कळ उशिरा आली. प्रवराकाठच्या जोर्वे येथे १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि त्या गावाच्या नावाने एक ताम्रपाषाणयुगीन संस्कृती ओळखली जाऊ लागली. नेवासे आणि दायमाबाद ही तिचीच केंद्रे. या शेतकऱ्यांनी वस्तीसाठी बहुधा नदीकाठची काळी जमीन निवडली. ही माती पावसाळ्यातील ओलावा धरून ठेवते, त्यामुळे पाऊस सरल्यानंतरही तीत पीक उभे राहू शकते.

त्यांचे जीवन सर्वांत तपशीलवार उलगडले ते पुणे जिल्ह्यात, घोड नदीकाठच्या इनामगाव येथे. तोही पर्जन्यछायेचाच प्रदेश. १९६८ पासून डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे दीर्घकाळ उत्खनन केले. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळात येथे वस्ती होती. लोक जव, गहू, मसूर, कुळीथ पिकवीत. नदीचे पाणी वळविण्यासाठी त्यांनी बांध घालून पाट काढला होता. एका मोठ्या घराशेजारी धान्याचे कोठार आढळले. ते घर गावप्रमुखाचे असावे, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष आहे.

इ. स. पू. १००० च्या सुमारास चित्र पालटले. गोदावरी-प्रवरा खोऱ्यातील अनेक गावे ओस पडली. इनामगाव टिकले, परंतु ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती खालावली, शेळ्यामेंढ्यांवर व शिकारीवर भिस्त वाढली. हवामान कोरडे झाल्याने हे घडले, असे डॉ. ढवळीकरांनी प्रतिपादन केले. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तेथील बालकांच्या अस्थींचा अभ्यास करून २०११ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तरकाळातील मुलांच्या अस्थींत वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांना अधिक आढळल्या. मात्र केवळ अवर्षणाला दोष देणे त्यांना मान्य नाही. माणसाने आपली जमीन व साधने कशी वापरली, हाही प्रश्न त्यांनी पुढे आणला.

आम्हांस हा प्रश्न मोलाचा वाटतो. निसर्ग मर्यादा घालतो. त्या मर्यादेत कोणाच्या वाट्याला काय येईल, हे समाज ठरवितो. बीड शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधली गेली. तिचे पाणी भूमिगत मार्गाने शेतांपर्यंत जाई. पाऊस तेव्हाही अल्पच होता. परंतु पाण्याची योजना करणारे होते. १९७२ च्या दुष्काळातूनही रोजगार हमी योजनेला बळ मिळाले, हे विसरता येणार नाही.

आजही पावसाळा सरला की बीडमधील सहस्रावधी कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मागे वृद्ध राहतात. अनेक मुले शाळा सोडून फडावर जातात. हे स्थलांतर म्हणजे कोरड्या प्रदेशाचे प्राक्तन, असे म्हणून आपण मोकळे होतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यापाशी धरणे नव्हती, रस्ते नव्हते, दूरवरून धान्य आणण्याची सोय नव्हती. आपणांपाशी हे सर्व आहे. तरीही दुष्काळाचा भार प्रथम बालकांच्याच देहावर पडत असेल, तर त्याचे उत्तर आकाशाकडे मागून चालणार नाही.