लाकडाची गाडी आणि सुरतेचे कारागीर

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाची कथा, देवलांच्या संगीत नाटकामुळे का होईना, आपल्या बहुतेक वाचकांच्या परिचयाची आहे. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन मातीच्या गाडीशी खेळण्यास नाखूश असतो. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी त्याने पाहिलेली असते. वसंतसेना आपले अलंकार काढून त्या मातीच्या गाडीत भरते आणि पुढील सारा अनर्थ त्या अलंकारांतून उद्भवतो. नाटकात राजे आहेत, चोर आहेत, गणिका आहे. पण कवीने नाटकाला नाव दिले ते एका खेळण्याचे. गाडीची लहान प्रतिकृती करण्याची हौस आपल्या देशात किती जुनी आहे याची साक्ष त्याहूनही मागची मिळते. लोथलच्या उत्खननात मातीच्या लहान नौका निघाल्या. १९७४ साली प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे काशाचा बैलरथ सापडला. त्याला दोन बैल जुंपलेले असून मागे सारथी उभा आहे. हा रथ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. कोणार्कला सूर्याचे अख्खे मंदिरच चोवीस चाकांच्या रथाच्या रूपाने उभारले, आणि हंपीस विठ्ठलमंदिराच्या प्रांगणात गरुडाचा पाषाणरथ आजही उभा आहे.

ही सारी मंडळी डोळ्यांपुढे आणण्याचे कारण असे की, अलीकडे जुन्या मोटारींच्या व मालवाहू लॉऱ्यांच्या लाकडी प्रतिकृती करणारे हौशी कारागीर जगात सर्वत्र दिसू लागले आहेत. इंग्रज हौशी मंडळी १९१९ ते १९३० या काळातील मोटारींना 'विंटेज' म्हणतात. अशाच गाड्यांना या कामात विशेष मान. फुटाला एक इंच असे प्रमाण धरून मूळ गाडीच्या बाराव्या हिश्शाएवढी गाडी घडवायची, दारे उघडली पाहिजेत, सुकाणूचक्र फिरवले की पुढची चाके वळली पाहिजेत, आणि रंग मात्र लावायचा नाही! काळ्या भागास शिसम, पिवळ्यास हेदू, तांबूस भागास साग, असा लाकडाच्याच अंगचा रंग वापरायचा. बघणारा "वा, छान खेळणे आहे" असे म्हणून पुढे जातो. या 'खेळणे' शब्दावर माझा आक्षेप आहे. खेळणे म्हणणे गैर नाही, अपुरे आहे; आणि ते अपुरे का, हे सुरतेच्या इतिहासावरून जितके स्पष्ट होते तितके अन्य कशावरून होत नाही.

सुरत म्हटले की मराठी वाचकास १६६४ आणि १६७० आठवतात, व ते स्वाभाविकच आहे. परंतु महाराजांची घोडी तापीकाठी पोचण्यापूर्वी अर्धशतक एक वेगळेच वाहन त्या बंदरातून आत आले. इ. स. १६१५ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा सुरतेजवळ सुवाळीच्या किनाऱ्यावर उतरला. बादशहा जहांगीरसाठी आणलेल्या नजराण्यांत घोड्यांची एक इंग्रजी बग्गी होती, आणि ती हाकण्यास एक इंग्रज गाडीवानही बरोबर होता. बादशहाचा मुक्काम त्या वेळी अजमेरास होता. १६१६ च्या आरंभी बग्गी त्याच्यापुढे आली, तेव्हा तो स्वतः तीत चढून बसला, कोपरान् कोपरा न्याहाळला, आणि घोडे जुंपण्याची वाट न पाहता माणसांकडूनच ती ओढवून घेतली.

यानंतर जे घडले ते रोच्या रोजनिशीत आणि त्याचा धर्मोपदेशक टेरी याच्या प्रवासवर्णनात नमूद आहे. बादशहाच्या कारागिरांनी ती बग्गी सुटी केली. तुकडा तुकडा वेगळा झाला. त्यावरून त्यांनी दुसरी, तंतोतंत तशीच बग्गी घडविली. आणि मग पहिलीचे तुकडे पुन्हा जुळवून तिला नवा साज चढविला. आतले जुने मखमली अस्तर काढून जरीचे घातले. पितळी खिळ्यांच्या जागी चांदीचे, वर सोन्याचा मुलामा दिलेले खिळे मारले. १६१६ च्या नोव्हेंबरात बादशाही स्वारी अजमेराहून निघाली, तेव्हा चार घोडे जुंपलेल्या बग्गीत जहांगीर बसला होता. ती बग्गी कोणती? विलायतेहून आलेली नव्हे; आपल्या सुतारांनी केलेली. मूळची इंग्रजी बग्गी नूरजहानला देण्यात आली व ती मागून चालली होती.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. गाडी सुटी करणे ही सोपी गोष्ट नव्हे. साधे बैलगाडीचे चाक घ्या. मधला तुंबा, त्यात बसविलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले पुठ्ठे आणि सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव, यांचा एकमेकांवर इतका दाब असतो की कोणता सांधा आधी बसला व कोणता नंतर, हे ओळखल्यावाचून ते मोडता येईल, सोडवता येणार नाही. ज्याने वाहन न मोडता सोडवले, त्याला ते उमगले. आणि ज्याने दुसरे केले, त्याने आपणास उमगल्याचा पुरावा दिला. अजमेरच्या त्या अनामिक सुतारांना इंग्रजी येत नव्हती, त्यांच्यापुढे आराखडा नव्हता, शिकवावयास कोणी विलायती मेस्त नव्हता. समोरची वस्तू हाच त्यांचा ग्रंथ होता.

हीच विद्या सुरतेच्या गोदीत अधिक मोठ्या प्रमाणावर चालत होती. १६८९ साली जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेस आला; त्याचा ग्रंथ १६९६ मध्ये लंडनला छापला गेला. इंग्रजांचे कोणतेही जहाज पाहून, त्यातील अवघडात अवघड कारागिरीसह, सुरतेचे सुतार ते असे हुबेहूब उतरवतात की जणू मूळ कल्पना त्यांचीच असावी, अशा आशयाचे तो लिहितो. ही स्तुतीच आहे, पण तिच्यात एक खोचही आहे. 'उतरवतात' म्हणजे स्वतः योजत नाहीत, असा ध्वनी तीतून निघतो. आणि पुढे दोन शतके हिंदी कारागीर हा केवळ अनुकरणपटू, ही समजूत युरोपात पसरत गेली. आपल्याकडच्या सुशिक्षितांनीही ती पुष्कळदा निमूटपणे मान्य केली.

या समजुतीला उत्तर द्यायचे तर पुढला इतिहास पाहावा. सुरतेची जहाजे डांगाकडील सागाची. फळीच्या कडा एकमेकींत खाचा करून बसवीत व मध्ये कापूस आणि राळ भरीत, त्यामुळे पाणी आत येत नसे. १७३५ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीसाठी सुरतेत 'क्वीन' नावाचे जहाज बांधले जात असता लवजी नसरवानजी या पारशी सुताराचे काम कंपनीच्या अधिकाऱ्याच्या नजरेत भरले. १७३६ साली काही सोबती घेऊन लवजी मुंबईस आला. जहाजे बांधणारे म्हणून त्याच्या घराण्यास वाडिया हे नाव. मुंबईची पहिली कोरडी गोदी १७५० मध्ये पुरी झाली, आणि पिढ्यान् पिढ्या या घराण्याने तेथे जहाजे उतरवली: १८१० मध्ये ७४ तोफांचे 'मिंडेन', १८१३ मध्ये 'कॉर्नवॉलिस', की ज्याच्यावर पुढे १८४२ साली चीनशी नानकिंगचा तह झाला.

या मालिकेतील 'त्रिंकोमाली' या जहाजाची हकीकत आमच्या विषयाला फारच अनुरूप आहे. त्याचे आराखडे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या जहाजातून निघाले होते; पण १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकन आरमाराशी झालेल्या लढाईत ते जहाज शत्रूच्या हाती पडले व मग जाळले गेले, आणि आराखडेही हातचे गेले. दुसरी प्रत करून पाठवावी लागली. बरे, हा आराखडा तरी अस्सल इंग्रजी होता काय? नव्हता. तो ज्या वर्गाचा होता, त्या वर्गाची बांधणी १७८२ साली फ्रेंचांकडून पकडलेल्या 'हेबे' या जहाजावरून इंग्रजांनी उतरून घेतली होती! म्हणजे फ्रेंचांचे पाहून इंग्रजांनी केले, आणि त्याच्या प्रतीच्या प्रतीवरून जमशेटजी वाडियांनी मुंबईस मलबारी सागात ते घडविले. १८१७ साली पाण्यात उतरलेले हे जहाज आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. अनुकरण करीत नाही असा शिल्पी कोणत्याच देशात झाला नाही. अनुकरणात सांधा किती घट्ट बसला, एवढाच काय तो प्रश्न.

सुरतेची गोष्ट मात्र उतरणीला लागली होती. व्यापार मुंबईकडे वळला, तापीचे मुख गाळाने भरले. १८३७ च्या एप्रिलमधील आगीत नऊ हजारांवर घरे जळाली. लाकडी कोरीव काम हेच ज्या घरांचे वैभव, तेच त्या आगीचे सरपण झाले, आणि त्याच वर्षी महापूर आला. आज सुरतेची ख्याती हिऱ्यांची व कापडाची आहे, आणि खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबे तेथील मागांवर पोट भरतात. लाकूडकामातील एक नाजूक शाखा तेवढी तग धरून राहिली. ती म्हणजे सादेली. निरनिराळ्या लाकडांच्या, शिंगाच्या, धातूच्या तिकोनी काड्या एकत्र चिकटवायच्या, त्या जुडीचे आडवे पातळ काप काढायचे आणि पेटीवर बसवायचे, म्हणजे रंगाच्या थेंबावाचून नक्षी उमटते. प्रारंभी सांगितलेल्या बिनरंगी मोटारींमागील तत्त्व हेच. सुरतेच्या पेटीकारांना ते ठाऊक होतेच.

मोटारगाडी आणि लाकूड यांचा संबंध हल्लीच्या वाचकास कदाचित ओढून ताणून जोडलेला वाटेल. तसे नाही. फोर्डची सुप्रसिद्ध 'मॉडेल टी' १९०८ ते १९२७ पर्यंत निघत होती. तिच्या धडाचा सांगाडा लाकडाचा असे व चाकांचे आरेही पुष्कळ वर्षे लाकडीच होते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईस शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. परदेशातून यंत्र व सांगाडा येई. त्यावरची लॉरीची पेटी, बसचे धड, हे काम आपल्याच सुतारांकडे जाई. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) जी पहिली एस. टी. गाडी निघाली, तिचेही धड लाकडी होते. ज्या हातांनी काल खटारा व दमणी केली, त्याच हातांनी आज लॉरी केली. म्हणून जुन्या लॉरीची लाकडी प्रतिकृती ही पत्र्याच्या खेळण्याहून मूळ वस्तूच्या अधिक जवळची असते. करणारा मनुष्य नकळत त्या विसरल्या गेलेल्या सुताराच्याच वाटेने जातो, आणि आऱ्याचे कूस तुंब्यात बसत नसले म्हणजे त्यालाही तीच अडचण येते जी त्या सुताराला आली होती.

सावंतवाडीची चितारआळी आपणांस जवळची. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळे व खेळणी तेथून घरोघर गेली. तेथील काम रंगाचे व लाखेचे, सुरतेचे अंगच्या रंगाचे. यांत श्रेष्ठकनिष्ठ ठरवण्याच्या भरीस मी पडत नाही. मला काळजी वाटते ती मोठ्या गाड्यांची. मंगेशी व कवळे येथे माघातील जत्रांत रथ ओढले जातात. मंगळूरचा 'कोडियाल तेरु' रथसप्तमीस निघतो. जगन्नाथपुरीस तर तिन्ही रथ दरवर्षी नवे होतात, त्यामुळे तेथील सुतारांचा हात दरवर्षी चालू राहतो. आपले रथ टिकाऊ. एक रथ दोनतीन पिढ्या चालतो, आणि हाच टिकाऊपणा विद्येच्या मुळावर येतो. नवे चाक करण्याची वेळ येते, तोवर मागचे चाक करणारा मेस्त हयात नसतो.

यास्तव ज्या देवस्थानांत जुना रथ मोडीत काढण्याचा विचार चालू असेल, त्यांच्या महाजनांस एक सुचवावेसे वाटते. मोडण्यापूर्वी एखाद्या चांगल्या सुताराकडून तो सोडवून घ्यावा; कोणता सांधा कशावर बसला ते लिहून ठेवावे; आणि फुटाला एक इंच या प्रमाणाने, शक्य तर त्याच रथातील निघालेल्या लाकडातून, त्याची प्रतिकृती करून घ्यावी. मुळात जेथे खिळा नाही, तेथे प्रतिकृतीतही मारू नये. चाके फिरती असावीत, सुटी होणारी असावीत, म्हणजे पुढच्या सुतारास ती काढून पाहता येतील. आणि रथाच्या तळाशी, फळीच्या आतल्या बाजूस, ज्याने मूळ रथ केला आणि ज्याने हा लहान रथ केला, त्या दोघांची नावे कोरावीत.