राजपुरीची खाडी

रायगड जिल्ह्यातील मोठी खाडी. मुरूड शहराच्या दक्षिणेला समुद्र येथे डोंगरांमध्ये खोलवर शिरला आहे. मुखाजवळ जंजिरा किल्ला, उत्तर काठावर राजपुरी, खोकरी, आगरदांडा, दक्षिणेला दिघी आणि आत खाडीच्या फाट्यावर मांदाड. डोंगरांच्या आडोशामुळे बाहेर लाटा उसळत असतानाही आतले पाणी बरेच निवांत असते. प्राचीन व्यापार, जंजिऱ्याच्या सिद्दींचे आरमार आणि आजचे दिघी बंदर या तिघांनाही हाच आडोसा सोयीचा ठरला.

बहुतेक पर्यटक राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जातात आणि तसेच परततात. खाडी पाहायची राहूनच जाते. किल्ल्याचा दरवाजा गावाकडे तोंड करून आहे, पण दोन बुरुजांच्या आड असल्याने होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. शिवाजी महाराजांना हा किल्ला घेता आला नाही. संभाजी महाराजांनी 1682 मध्ये खाडीत भराव घालून वाट काढण्याचा प्रयत्न केला, तोही फसला. सिद्दींचे संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झाले. राजपुरीहून थोडे आत, खोकरीला, सिद्दी घराण्याचे दगडी घुमट आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठा सिद्दी सिरुलखानाचा. होडीसाठी रांगा लागतात तेव्हाही येथे सहसा शुकशुकाट असतो.

काठावर कोळी आणि कोकणी मुसलमान यांची जुनी वस्ती आहे. गावात शिरताना आधी वास येतो तो सुकत घातलेल्या मासळीचा: वलांड्यांवर जबडे एकमेकांत अडकवून टांगलेले बोंबील, खाली पसरलेला जवळा. ओहोटीला बायका खडकांवरची कालवे फोडताना दिसतात. त्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा रोखू नये.

आगरदांडा ते दिघी फेरीबोट चालते. कोकणात अशा बोटीला सर्रास जंगलजेटी म्हणतात. गाड्याही चढतात, त्यामुळे म्हसळ्याकडून पडणारा लांबचा वळसा वाचतो आणि पुढे दिवेआगर, श्रीवर्धन गाठता येते. खाडीचा खरा विस्तार याच बोटीवरून कळतो. दिघीच्या बाजूला मालवाहू जहाजे आणि धक्के दिसतात. सगळीकडे निसर्गचित्र शोधणाऱ्याने ते गृहीत धरावे.

मांदाडजवळच्या डोंगरात कुडे येथे 26 बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखांत सार्थवाह, माळी आणि लोखंडाचा व्यापारी यांची दाने नोंदलेली आहेत. या पाण्यावरून माल कोण आणत-नेत असावे, याचा अंदाज त्या यादीवरून येतो. लेण्यांच्या ओसरीतून खाडीचे टोक दिसते. किल्ल्याइतकाच वेळ या जागेला द्यावा असे आमचे मत.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ उत्पन्नाला यायला बरीच वर्षे घेते, म्हणून अनेक वाड्यांत आता नवी रोपे दिसतात.

पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ फिरण्यास उत्तम. मुक्कामाची सोय मुरूड किंवा दिवेआगरला सहज होते. खाडीकाठच्या लहान गावांत जेवायचे असल्यास आधी सांगून ठेवावे.